आजीचे आई-वडील वंशावळीत कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथीला गोव्यातली मूळ घरे भरतात. मुंबई, बेळगाव, दुबई, लिस्बन, जो जिथे असेल तिथून येतो आणि गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली की कोणीतरी घराण्याची वंशावळ बाहेर काढते. कुठे ती जुन्या वहीत असते, कुठे मोठ्या कागदावर छापून वसरीत लावलेली. तिच्यात मूळपुरुष असतो, त्याचे मुलगे असतात, त्यांचे मुलगे असतात. मुली एक तर नसतात किंवा नावापाशीच थांबतात. सुना कुठून आल्या याची नोंद क्वचितच सापडते. अशी वंशावळ वाचली की आपले घराणे पहिल्यापासून एकाच गावचे, एकाच चालीचे होते असे वाटू लागते. पेडण्याच्या घरात सावंतवाडीची आजी असते, काणकोणच्या घरात कारवारची, फोंड्याच्या घरात सासष्टीतल्या गावाची, आणि आता एकाच घरात एक आजी हिंदू तर दुसरी ख्रिस्ती असणेही नवीन राहिलेले नाही. ही सरमिसळ घरात बहुतेक वेळा आजीच्या बाजूने आली, आणि नेमकी तीच बाजू आपण लिहिली नाही. फोंडा, पेडणे आणि सासष्टीतल्या घराण्यांचे जुने कागद वाचून वंशावळी जुळवण्याचे काम आम्ही करतो. गोव्यात ही बाजू कागदोपत्री भरून काढता येते हे वाचकांना सांगावे, म्हणून हे पत्र.

सुरुवात आकड्यांपासून करावी. स्वतःला 1 क्रमांक द्या, वडिलांना 2, आईला 3. पुढचा नियम एकच: कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की त्याची आई. म्हणजे वडिलांचे वडील 4, वडिलांची आई 5, आईचे वडील 6, आईची आई 7. पणजोबा-पणज्या 8 ते 15, त्यांच्या वरची पिढी 16 ते 31. पाच पिढ्यांत 31 जागा होतात. वसरीतल्या छापील वंशावळीवरून त्या भरू लागलात तर 1, 2, 4, 8 आणि 16 एवढ्या पाचच भरतात. बाकीच्या 26 रिकाम्या राहतात. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न झालेले असेल तर एकाच माणसाला दोन क्रमांक येतात. तिथे दोन्ही लिहावेत, खोडू नयेत.

हिंदू घरांत यातल्या बऱ्याच जागा भटजींच्या वहीत मिळतात. चवथीनंतरच्या कृष्णपक्षात महालयाला जी नावे घेतली जातात त्यांत वडील, आजोबा, पणजोबा असतात. आई, आजी, पणजी असतात. आणि आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा सपत्नीक असतात. आपल्या क्रमांकांत ही 2, 4, 8; 3, 5, 9; 6, 12, 24 आणि 7, 13, 25 अशी बारा नावे झाली. ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांनी ही यादी वडिलांकडून किंवा मामांकडून घ्यावी आणि क्रमांक त्यांच्या नात्याने फिरवून घ्यावेत. पण या यादीतही एक भोक राहते. 10 व 11 म्हणजे वडिलांच्या आईचे आई-वडील, आणि 14 व 15 म्हणजे आईच्या आईचे आई-वडील. दोन्ही आज्यांची माहेरे इथेही गळतात.

ती मिळतात जन्मनोंदीत, आणि यात गोव्याचे नशीब चांगले. इथे 1914 पासून जी नागरी नोंदणी झाली तिच्यात मुलाच्या जन्माच्या नोंदीत आई-वडिलांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबाही लिहिण्याची पद्धत होती. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या नमुन्यात ती राहिली नाही. तिथे फक्त आई-वडील आहेत. म्हणजे वडिलांची जुनी नोंद काढली तर 4, 5 आणि 8 ते 11 मिळतात. आईची काढली तर 6, 7 आणि 12 ते 15. दोन कागदांत आठही पणजोबा-पणज्या. ज्यांचे आई-वडील अलीकडच्या नमुन्यात नोंदले गेले त्यांनी चारही आजी-आजोबांच्या नोंदी मागाव्यात; चारही मिळाल्या आणि पूर्ण निघाल्या तर 31 पर्यंतच्या साऱ्या जागा भरतात.

यासाठी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात ‘तेओर’ मागावा लागतो. खिडकीवर नुसता जन्माचा दाखला मागितला की त्रोटक उतारा हातात पडतो आणि त्यात आजी-आजोबा नसतात. तेओर म्हणजे पानाची शब्दशः पूर्ण नक्कल. शक्य असेल तर मूळ पानाची छायाप्रतही मागावी, कारण टंकलेखन करताना नावे बदलतात. पुस्तक जुने असेल आणि कार्यालयात नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारावे. अर्जात नाव, आई-वडिलांची नावे, गाव आणि साल हवे. साल नक्की नसेल तर पाच वर्षांच्या पट्ट्यात शोध घ्यायला सांगावे. शाळेत घालताना जन्मतारीख अंदाजाने लिहिली जाई आणि नोंदही कधी कधी उशिरा होई, तेव्हा शाळेच्या दाखल्यावरचे साल प्रमाण धरून एकाच वर्षाचे पुस्तक चाळले तर हाती काही लागत नाही.

सर्वांत जास्त फेऱ्या वाया जातात त्या चुकीच्या तालुक्यात. पहिले बाळंतपण माहेरी होत असे. वडील घरातले थोरले अपत्य असतील तर त्यांची नोंद घर असलेल्या फोंड्यात नसेल, त्यांच्या आईच्या माहेरच्या डिचोलीत किंवा केप्यात असेल. ‘नोंद नाही’ असे उत्तर आले की लोक शोध सोडतात. त्याऐवजी आजीच्या माहेरचा तालुका पाहावा. तिसवाडीची पुस्तके जुन्या कागदांत ‘इल्यास’ या नावाने येतात, आणि धारबांदोडा तालुका अलीकडचा असल्याने तिथली जुनी नोंद बहुधा सांग्यात शोधावी लागते.

पान हाती आले की ते वाचणे हे वेगळे काम. तारीख आकड्यांत नसते, पोर्तुगीज शब्दांत पूर्ण लिहिलेली असते. नावे कारकुनाने कानाने टिपलेली. ‘श’साठी एक्स हे अक्षर, ‘के’ आणि ‘की’साठी क्यू, अनुस्वारासाठी शेवटी एम. कामतांचे कामोतीम, केणींचे केनीम, प्रभूंचे पोरोब, शेणवींचे सिनाय, भटांचे बोटो, नाईकांचे नायके. एकाच माणसाचे नाव जन्म, लग्न आणि मृत्यू या तीन नोंदींत तीन तऱ्हांनी येते, म्हणून शोध घेताना आधी नावाची चार-पाच संभाव्य रूपे रोमन अक्षरांत लिहून न्यावीत. ‘नातुराल द’ याच्यापुढे आलेले गाव म्हणजे त्या माणसाचे जन्मगाव, आणि सरमिसळीचा सर्वांत पक्का धागा तोच. ‘फिल्यु नातुराल’ मात्र विवाहाबाहेरचे अपत्य दाखवते. दोन्ही ठिकाणी ‘नातुराल’ दिसत असल्याने वाचणारे गोंधळतात आणि घरात विनाकारण कुजबुज सुरू होते.

वडिलांच्या जागी ‘पाय इन्कोग्नितु’, म्हणजे पिता अज्ञात, असे लिहिलेले पानही निघते. देवळांच्या सेवेतल्या घराण्यांत वंश आईच्या नावाने चालत आला. तिथे आजी, तिची आई, तिची आई ही रांग हाच त्या घराचा इतिहास आहे आणि तो तितक्याच मानाने लिहिला पाहिजे. नोंद आहे तशी लिहावी, वडिलांची जागा मोकळी ठेवावी. ऐकीव नाव असेल तर ते ऐकीव म्हणूनच वेगळ्या वहीत ठेवावे. हयात माणसांना त्रास होणार असेल तर ती माहिती घरापुरती राहू द्यावी. पण कोणाचे तरी नाव ठोकून देऊन जागा भरू नये.

आजीचे खरे नाव शोधणे हे याहून अवघड. लग्नात तिचे नाव बदलले जाई, आणि पुढे ती सगळ्यांची वहिनी, माई किंवा बाय होऊन राही. नातवंडांना दोन्ही नावे माहीत नसतात. जन्मनोंद माहेरच्या नावाने, मृत्युनोंद सासरच्या नावाने. मधला दुवा लग्नाच्या नोंदीत असतो, कारण तिथे वधू-वरांचे आई-वडील लिहिलेले असतात. कागद नसेल तर घरातली पितळी भांडी उलटी करून पाहा. घागरी, तपेली, समई यांवर माहेरचे नाव किंवा आद्याक्षरे कोरलेली सापडतात. पुरुषांच्या नावांत अडचण उलटी असते. नातवाला आजोबांचे नाव ठेवल्यामुळे शंभर वर्षांत एकाच घरात तीन ‘वामन रामचंद्र’ होतात. त्यांना वेगळे करायचे तर प्रत्येकाच्या बायकोचे नाव शेजारी लिहिण्याला पर्याय नाही.

1870 पासून इथे पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली आणि वारसाहक्कात मुलींची नावे येऊ लागली, याचाही उपयोग होतो. न्यायालयातल्या जुन्या इन्व्हेंटरीत आणि नोटरीकडच्या वारसापत्रांत मुली, त्यांचे नवरे आणि त्यांचे राहते गाव लिहिलेले असते. मालमत्तेच्या वाटणीसाठी केलेला कागद असल्याने सहसा कोणाला गाळलेले नसते. गावकरीची, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची, जोणाची (गावकारांना मिळणाऱ्या वाट्याची) पुस्तके आणि देवस्थानांच्या महाजनांच्या (हक्कदार घराण्यांच्या) याद्या जुन्या व मोलाच्या आहेत, पण त्या पुरुषवंशाच्याच. आज्यांसाठी तिथे वेळ घालवू नये. गावकरीचे काही जुने कागद मोडीत, काही गोयकानडी या जुन्या लिपीत आहेत. वाचणारा जाणकार सोबत हवा. आजी सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची असेल तर तिथल्या जन्मनोंदीत आजी-आजोबा मिळणार नाहीत. गावच्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर आणि नाशिक, त्र्यंबक इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगावे लागते.

ख्रिस्ती घरांत, किंवा ज्या घराची एक बाजू ख्रिस्ती आहे तिथे, चर्चची बाप्तिस्मा व लग्नाची पुस्तके हा आधार. धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावेही उतरवून घ्यावीत. ते बहुधा जवळचे नातलग असतात आणि आईच्या माहेरचा पत्ता त्यांच्यावरून लागतो. आडनावावर मात्र विसंबू नये. धर्मांतराच्या वेळी आडनाव धर्मपित्याचे, पाद्रीचे किंवा एखाद्या अधिकाऱ्याचे मिळे. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावे वेगळी झाली आणि ज्यांचा काही संबंध नाही ते एका आडनावाचे झाले. फर्नांडिस किंवा रॉड्रिग्ज म्हणजे पोर्तुगीज रक्त, हा समज याच कारणाने खोटा आहे. गाव, वाडा आणि गावकरीतला वांगड (मूळ गावकारांचा कूळगट) या तीन गोष्टी आडनावापेक्षा पक्क्या. कुंकळ्ळीच्या शांतादुर्गेच्या छत्रोत्सवात बारा वांगडांचे हिंदू आणि ख्रिस्ती गावकार मिळून भाग घेतात. नाते कुठे जोडलेले होते हे तिथे डोळ्यांनी दिसते. हिंदू घरांनी कुलदैवतावरून मागे जावे. मंगेश कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, कामाक्षी रायहून शिरोड्याला, दामोदर मडगावहून जांबावलीला. देव जिथून हलला त्या गावच्या गावकरीत आणि चर्चच्या पुस्तकांतही आपल्या भावकीचा धागा असू शकतो. कुंकळ्ळेकर, वेर्णेकर, लोटलीकर ही आडनावे बहुधा घराने सोडलेला गाव सांगतात, हेही ध्यानात असू द्यावे.

‘पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून आम्ही रातोरात निघालो’ ही कथा घरोघर ऐकू येते. ती खरी असेलही. पण घरे व्यापारासाठी, शेतीसाठी, दत्तक गेल्याने, घरजावई झाल्यानेही हलली. दैवत, गाव आणि एखादा कागद, तिन्ही जुळल्याशिवाय कथेला साल लावू नये.

आता कागदापेक्षा महत्त्वाचे. कागद पुढच्या वर्षीही जागेवर असतील, आजी-आजोबा असतील असे नाही. त्यांच्याशी बोलताना ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न आधी विचारू नये. त्याला पाठ झालेले उत्तर येते. सुतक कोणाकोणाचे धरत होता, दहा दिवस कोणाचे आणि तीन दिवस कोणाचे, हे विचारावे. भावकी कुठवर आहे ते त्यात उलगडते. गणपती कोणत्या घरी एकत्र पुजत होता? लग्नाचे पहिले बोलावणे कोणाला? तुमच्या आईच्या बाळंतपणाला कोण आले होते? शाळेच्या सुट्टीत कुठे राहायला जात होता? ख्रिस्ती घरांत लग्नाआधीच्या भिकाऱ्यांच्या जेवणात कोणत्या मृतांची आठवण काढली, आणि चुडा कोणत्या मामाकडे भरला, हे विचारावे. आजीला येणाऱ्या ओव्या म्हणून घ्याव्यात, त्यांत माहेरच्या नद्या, देव आणि माणसे नावानिशी येतात.

साल आठवत नसेल तर खुणेला बांधावे. मडगावात लोहियांची सभा झाली ते 1946, सरहद्द बंद होऊन माल येईना झाला ते 1954-55, रुपया जाऊन इस्कुद आले ते 1958-59, मुक्ती 1961, जनमत कौल 1967. ‘तेव्हा तुझा थोरला भाऊ शाळेत जात होता का?’ असे विचारले की पाच वर्षांचा फरक एक-दोन वर्षांवर येतो. दोन वडीलधाऱ्यांना आधी वेगवेगळे बसवावे, मग एकत्र. पहिल्यापासून एकत्र बसवले तर मोठ्या आवाजाचा माणूस दुसऱ्याची आठवण पुसतो, आणि दबून राहते ती बहुधा आजी. सकाळची वेळ बरी, अर्धा-पाऊण तासापेक्षा जास्त नको. पंखा बंद करावा, फोन घडी घातलेल्या फडक्यावर हातभर अंतरावर ठेवावा, आणि सुरुवातीला तारीख, गाव व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. लिहून काढताना त्यांची बोली बदलू नये. कोकणी असो, मालवणी असो, पेडण्याची असो. प्रत्येक गोष्टीपुढे ‘पाहिलेले’ की ‘ऐकलेले’ हे लिहावे. घरातल्या स्वयंपाकावरून मूळ ठरवण्याचा मोह टाळावा. हळदीच्या पानातल्या पातोळ्या हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदात होतात आणि ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टच्या फेस्ताला. पदार्थावरून रांधणारी कोणाकडून शिकली ते कळते, रक्त कळत नाही.

डीएनए चाचणीबद्दल अलीकडे विचारणा होते. प्रत्येक आजी-आजोबांकडून सरासरी 25 टक्के वाटा येतो, पण तो कमीजास्त होतो; सात-आठ पिढ्या मागच्या एखाद्या पूर्वजाचा अंश मागमूसही न ठेवता जाऊ शकतो. जवळची भावंडे ओळखायला चाचणी उपयोगी आहे. अहवालातली प्रदेशांची टक्केवारी मात्र कंपनीकडे कोणत्या लोकांचे नमुने आहेत यावर ठरते, गाव किंवा ज्ञाती तिच्यातून काढू नये. आणि एकाची चाचणी सगळ्या भावकीची गुपिते उघडते, म्हणून आधी घरात बोलून घ्यावे.

जुने कागद सापडले की लॅमिनेट करू नयेत, ते पुन्हा सुटत नाहीत. आपल्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी येते. साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून सुटे ठेवावेत, आणि पाऊस सरल्यावर सावलीत वारा द्यावा. फोटोच्या मागे पेनाने नव्हे, मऊ पेन्सिलीने लिहावे.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. दैनिकातल्या निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती हा गोव्यातल्या घराण्यांचा मोठा आणि विश्वासार्ह दस्तऐवज आहे. तारीख, गाव, मुलगे, सुना, जावई, नातवंडे असे सगळे त्यांत असते. निधन झालेली स्त्री मात्र बहुतेक वेळा फक्त सासरच्या नावाने येते. जाहिरात घेण्याच्या आपल्या फॉर्मवर ‘माहेरचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचा गाव व वाडा’ अशी एक ओळ छापावी, आणि ती ओळ भरल्यास तिचे वेगळे पैसे आकारू नयेत. जाहिरात द्यायला येणारा मुलगा किंवा नातू त्या दिवशी मामांशी, मावश्यांशी बोलतच असतो; ही माहिती त्याला एका फोनवर मिळते. लग्नाच्या जाहिरातीतही दोन्हीकडच्या आज्यांची माहेरे घेता आली तर उत्तम, पण निधनवार्तेपासून सुरुवात व्हावी.

आपले,
फोंडा तालुक्यातील काही वाचक